२१४७४८३६४७ या मूळ संख्येबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागला दर रविवारी सकाळी आम्ही गणितासाठी जमतो. शाळेतली पोरं असतात, त्यांना सोडायला आलेले दोन-चार पालक पण बसून राहतात, मिरज-कुपवाडवरनं पण कोण कोण येतं. गेली काही वर्षं आमच्या फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक नंबर कायमचा लिहिलेला आहे, तो आम्ही पुसत नाही, आणि नवीन आलेला माणूस पहिला प्रश्न त्याच्याबद्दलच विचारतो. मग तेच प्रश्न, तीच उत्तरं, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढावं. खाली जे आहे त्यातलं बरंचसं तुम्ही घरी वही-पेन आणि साधा कॅल्क्युलेटर घेऊन तपासू शकता, आणि तपासाच, माझ्यावर विश्वास ठेवून सोडून देऊ नका.

हा कुणाचा मोबाईल नंबर आहे का?

नाही ओ. दहा आकडी आहे म्हणून तसा वाटतो, पण आपल्याकडं मोबाईल नंबर २ नं सुरू होत नाही. वाचायचा असा: दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. ही मूळ संख्या आहे म्हणजे प्राईम, आणि ३१ वेळा २ लिहून ते सगळे एकमेकांना गुणले की जी संख्या येते तिच्यातनं १ वजा केला की ही मिळते. टाईप करताना आपण २^३१ − १ असं लिहू, ते टोपीसारखं चिन्ह म्हणजे घात.

मूळ संख्या शाळेत शिकलो होतो, आता आठवत नाही. परत सांगा.

मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांची थप्पी बघितलीय ना? १२ पोती असली तर ३ च्या ४ रांगा लावता येतात, २ च्या ६ लागतात, चौकोन पूर्ण बसतो. १३ पोती आली की कसंही लावा, एक तरी उरतंय किंवा कमी पडतंय, एकच लांब रांग लावली तरच जमतं. १३ मूळ, १२ संयुक्त. तर २१४७४८३६४७ पोती आली (एवढी हळद जगात नसेल पण समजा) तर त्यांची सुद्धा चौकोनी थप्पी कधीच लागणार नाही. हे आता वाचायला सोपं आहे, पण सगळ्या प्रकारे लावून बघितल्याशिवाय ते सांगायचं कसं, हाच सगळा विषय आहे.

वजा १ कशाला? नुसता २^३१ का नाही घेतला?

२^३१ सम आहे, २ नं जातोच, त्यात बघण्यासारखं काय नाही. वजा १ केल्यावर खरी गंमत सुरू होते. पहिल्या दिवशी १ ज्वारीचा दाणा, दुसऱ्या दिवशी २, तिसऱ्या दिवशी ४, असं दुप्पट करत ३१ दिवस दाणे टाकले तर एकूण दाणे बरोबर २१४७४८३६४७ होतात. हजार दाण्यांचं वजन ३० ग्रॅम धरलं तर ही ज्वारी साधारण ६४४ क्विंटल भरते, म्हणजे एका दाण्यापासून सुरुवात करून महिन्यात ६४ टन. आणि यातलं मला सगळ्यात आवडतं ते हे की शेवटच्या एका दिवसाचे दाणे १०७३७४१८२४, आणि आधीच्या सगळ्या ३० दिवसांचे मिळून १०७३७४१८२३, बरोबर एकनं कमी. कुठल्याही दिवशी थांबून बघा, हाच हिशोब लागतो.

बायनरीत, म्हणजे नुसत्या ० आणि १ मध्ये लिहिलं तर ही संख्या ३१ वेळा १ अशी दिसते, मधे एकही शून्य नाही. उलटी वाचली तरी तीच.

याचा आणि भास्कराचार्यांचा काय संबंध? तुम्ही दर वेळी सांगता म्हणे.

सांगतोच, कारण मला स्वतःला हे कळलं त्या रात्री झोप लागली नव्हती. भास्कराचार्यांची लीलावती ११५० सालची. तिच्यात श्रेढीच्या, म्हणजे ठराविक नियमानं वाढत जाणाऱ्या संख्यांच्या भागात एक उदाहरण आहे: एका दात्यानं याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट द्यायचं कबूल केलं, तर महिन्यात किती निष्क दिले? महिना ३० दिवसांचा. २ अधिक ४ अधिक ८ असं ३० दिवस. उत्तर येतं २१४७४८३६४६ कवड्या. शेवटचा आकडा परत बघा. आपल्या मूळ संख्येपेक्षा फक्त एक कवडी कमी!

त्या काळच्या मापात २० कवड्यांची १ काकिणी, ४ काकिणींचा १ पण, १६ पणांचा १ द्रम्म आणि १६ द्रम्मांचा १ निष्क, म्हणजे एका निष्कात २०४८० कवड्या. भागून बघा, १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. आमच्याकडं सातवीतल्या पोरांनी हा भागाकार फळ्यावर केलाय आणि बरोबर आलाय.

त्या उदाहरणात मूळ संख्येचा विषय नाही, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर लगेच कोणीतरी फॉरवर्ड करतं की आपल्याकडं सगळं आधीच माहीत होतं. तिथं आहे ती बेरीज करायची युक्ती, आणि ती भारी आहे. ३० वेळा गुणत बसायचं नाही. घात सम असला तर अर्धा करून वर्ग, विषम असला तर एक कमी करून एकदा गुणाकार, आणि असं खालनं वर यायचं. आज कॉम्प्युटर प्रचंड मोठे घात काढतो तो पण वर्ग आणि गुणाकाराच्या याच पद्धतीनं काढतो, आणि खाली आपण पण तीच वापरणार आहोत.

(भास्कराचार्यांशी जोडलेलं पाटण कुठलं ते पण विचारतात. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, त्याच्या मठाचा शिलालेख ज्या पाटणला आहे ते चाळीसगावजवळचं, आपलं सातारा जिल्ह्यातलं नव्हे.)

३१ मूळ आहे म्हणून २^३१ − १ मूळ आहे, असंच ना?

नाही, आणि इथं जवळपास सगळे चुकतात. उलटी बाजू खरी आहे: वरचा घात संयुक्त असला तर संख्या नक्की संयुक्त. उदाहरणार्थ २^१५ − १ बायनरीत १५ वेळा १, त्याचे तीन-तीनचे गठ्ठे पाडा, १११ १११ १११ १११ १११, म्हणजे ते १११ नं म्हणजे ७ नं जाणारच. (३२७६७ भागिले ७ करून बघा, ४६८१.) ३१ चे असे सारखे गठ्ठे पडत नाहीत, त्यामुळे या वाटेनं ती फुटत नाही एवढंच. पण दुसऱ्या वाटेनं फुटू शकते. ११ मूळ आहे तरी २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. फुटली.

म्हणजे ३१ मूळ असणं ही फक्त आत यायची परवानगी, पुढची परीक्षा वेगळी द्यावी लागते.

मग ती मूळच आहे हे कशावरनं? एवढे भागाकार कोण करणार?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा म्हणून जरा लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, वर्गमूळापर्यंतच तपासायचं असतं. ४६३४० चा वर्ग २१४७३९५६००, तो कमी पडतो, आणि ४६३४१ चा वर्ग पुढं जातो. म्हणजे ४६३४० पर्यंत एकही मूळ विभाजक मिळाला नाही की काम झालं. पण तिथपर्यंत पण पावणेपाच हजारांहून जास्त मूळ संख्या आहेत, एवढे भागाकार हातानं म्हणजे कठीणच.

आता युक्ती. समजा q नावाची मूळ संख्या आपल्या संख्येला निःशेष भागते. मग २ चे घात घेत जा आणि प्रत्येक वेळी q नं भागून फक्त बाकी लिहा: २, ४, ८, १६... ३१ व्या पायरीला बाकी १ येणार, कारण २^३१ − १ पूर्ण जातंय म्हणलोय आपण. तिथनं पुढं परत तेच चक्र. चक्र ३१ चंच असणार, त्यापेक्षा लहान नाही, कारण लहान असतं तर त्यानं ३१ ला भागायला लागलं असतं आणि ३१ मूळ आहे (इथं ३१ कामाला आला बघा). दुसऱ्या बाजूनं फर्माचा नियम सांगतो की q − १ पायऱ्यांनी बाकी १ येतेच येते. म्हणजे q − १ मध्ये ३१ चं चक्र पूर्ण वेळा बसलं पाहिजे, q − १ हा ३१ च्या पाढ्यात. शिवाय q विषम, म्हणून q − १ सम, म्हणजे ६२ च्या पाढ्यात. विभाजक असलाच तर तो ६२ च्या पटीपेक्षा एकनं जास्त! ३, ५, ७, ११, १३ सगळे एका फटक्यात बाद.

अजून एक चाळणी आहे. २^३१ ची बाकी १ म्हणजे २^३२ ची बाकी २, आणि २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे. म्हणजे q च्या जगात २ ही वर्गसंख्या झाली, कुठल्यातरी संख्येचा वर्ग q नं भागला की बाकी २ येते. असं फक्त तेव्हाच होतं जेव्हा q ला ८ नं भागून बाकी १ किंवा ७ येते. दोन्ही चाळण्या एकत्र केल्या की q ला २४८ नं भागून बाकी १ किंवा ६३ च यायला पाहिजे, दुसरं काहीच चालत नाही.

आता ४६३४० पर्यंत अशा संख्या मोजा: ६३ स्वतः मूळ नाही, ती सोडली तर ३७२ उरतात. त्यातल्या पण बऱ्याच संयुक्त, म्हणजे खऱ्या तपासायच्या शंभराच्या आत. पावणेपाच हजारांवरनं शंभराच्या आत, तेही फक्त कागदावर विचार करून.

एखादा तपासून दाखवा की.

यादीत पहिल्या येतात २४९, ३११, ४९७, ५५९, ७४५, ८०७... यात मूळ फक्त ३११. आता ३११ साठी भास्कराचार्यांची वर्गाची युक्ती लावू. २^८ = २५६, ते ३११ पेक्षा ५५ नं कमी, म्हणून −५५ धरा. वर्ग करा, ३०२५, ३११ नं भागून बाकी २२६, म्हणजेच −८५. ही २^१६ ची बाकी. परत वर्ग, ७२२५, बाकी ७२. ही २^३२ ची. विभाजक असता तर इथं २ यायला हवी होती, आली ७२. म्हणजे २^३१ ची बाकी ३६ आणि आपल्या संख्येची ३५. ३११ बाद. दहा आकडी संख्येला हात न लावता दोन वर्गांत काम झालं, आणि कॅल्क्युलेटरवर सरळ भागून बघितलं तरी बाकी ३५ च येते.

हे पहिल्यांदा कुणी केलं?

लिओनहार्ड ऑयलरनं, १७७२ मध्ये, सेंट पीटर्सबर्गमध्ये असताना. त्यानं बर्नोली या गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात हे सांगितलंय. त्या वेळी ऑयलरची दृष्टी जवळपास पूर्ण गेली होती हे लक्षात घ्या. मी पोरांना हे सांगतो तेव्हा वर्ग एकदम शांत होतो, काही बोलावं लागत नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं ही जगातली माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या होती. १८११ मध्ये पीटर बार्लो नावाच्या इंग्रज गणितज्ञानं तर लिहून ठेवलं की हिच्यापासून जी परिपूर्ण संख्या बनते (ते काय ते खाली येतंय) तिच्यापेक्षा मोठी परिपूर्ण संख्या बहुतेक कोणी शोधणारच नाही, कारण त्याचा उपयोग नाही, नुसतं कुतूहल. १८७६ मध्ये फ्रान्सच्या एद्वार ल्युकानं २^१२७ − १ मूळ असल्याचं दाखवलं, ती ३९ आकडी आहे. कुतूहलाची ताकद बार्लोला कमी वाटली.

मर्सेन संख्या म्हणतात ती हीच का?

हो. २^p − १ या रूपातल्या मूळ संख्यांना मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूच्या नावावरनं मर्सेन मूळ संख्या म्हणतात, आणि आपली त्यातली आठवी: घात २, ३, ५, ७, १३, १७, १९ आणि मग ३१. मर्सेननं १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या घातांची यादी दिली, त्यात ६७ आणि २५७ चुकीचे होते आणि ६१, ८९, १०७ राहून गेले होते. ही यादी पूर्ण दुरुस्त व्हायला तीनशे वर्षं लागली.

६७ ची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९०३ मध्ये अमेरिकेत गणितज्ञांच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेला, एका बाजूला २^६७ − १ ची किंमत काढली, दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार मांडला, दोन्ही उत्तरं सारखी आली. भाषणात एक शब्द बोलला नाही म्हणतात. विभाजक शोधायला अनेक रविवार गेले होते त्याचे.

आपल्या संख्येत अजून एक खास गोष्ट आहे. वरचा घात ३१, तो स्वतःच २^५ − १ आहे, म्हणजे मर्सेनच्या डोक्यावर मर्सेन. अशा दुहेरी मर्सेन मूळ संख्या आजपर्यंत चारच माहीत आहेत: ७, १२७, आपली, आणि ल्युकाची ती ३९ आकडी.

यापेक्षा सोपी टेस्ट नाही का?

आहे, ल्युका-लेमर टेस्ट. ४ पासून सुरू करा, वर्ग करून २ वजा करा, संख्येनं भागून बाकी ठेवा, परत तेच. २^५ − १ = ३१ साठी: ४, मग १४, मग १९४ म्हणजे बाकी ८, मग ६४ − २ = ६२ म्हणजे बाकी ०. शून्य आलं की मूळ. घात p असेल तर p − २ पायऱ्या, म्हणजे ३१ साठी तीन, आणि २१४७४८३६४७ साठी फक्त २९. हातानं करताना नऊ-दहा आकडी संख्यांचे वर्ग येतात त्यामुळे कंटाळा येतो, पण एका दुपारचं काम आहे. ही टेस्ट फक्त मर्सेनसारख्या संख्यांना लागते. कुठल्याही संख्येला लागेल अशी, अंदाज न करता पक्कं आणि झटपट उत्तर देणारी पद्धत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. कयाल आणि सक्सेना नुकतेच बीटेक झालेले होते तेव्हा.

आजूबाजूच्या संख्या कशा आहेत? जुळी मूळ संख्या आहे का ही?

जुळी नाही. दोननं कमी २१४७४८३६४५, शेवटी ५. दोननं जास्त २१४७४८३६४९, ती ३ नं जाते. यावरनं आठवलं, एकदा एका पोरानं वहीत घाईत शेवटी ७ च्या ऐवजी ९ लिहिला आणि तासभर त्याचं कुठलंच गणित जुळेना, शेवटी सातवीतल्या एका मुलीनं त्याच्या वहीत डोकावून नुसती अंकांची बेरीज केली, ४८, आणि म्हणाली "दादा, ही तर तीननं जातीया." खऱ्या संख्येच्या अंकांची बेरीज ४६ येते. एका आकड्याचा फरक आणि मूळपणा गेला.

शेजारच्या मूळ संख्या म्हणजे मागं २१४७४८३६२९ आणि पुढं २१४७४८३६५९. आणि १ पासून मोजत आलं तर आपली १०५०९७५६५ वी मूळ संख्या, म्हणजे तिथपर्यंत सरासरी वीस-एकवीस संख्यांमागं एक मूळ. विरळ होत जातात पण संपत नाहीत, युक्लिडनं ते दोन हजार वर्षांपूर्वीच दाखवून ठेवलंय.

लगेच शेजारच्या दोन मात्र एकदम चुरा होणाऱ्या आहेत. एकनं जास्त म्हणजे नुसते २ च २, एकतीस वेळा. एकनं कमी, म्हणजे भास्कराचार्यांच्या कवड्या: २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. या दोन भुसभुशीत ढेकळांच्या मधे हा दगड.

तिला वर्गांच्या बेरजेत लिहिता येतं का?

दोन वर्गांत नाही, तीन वर्गांत पण नाही, चार लागतातच. ४ नं भागून बाकी ३ येते, अशी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज होत नाही, त्यामुळे तिन्ही बाजू पूर्णांक असलेल्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण ती होऊ शकत नाही. ८ नं भागून बाकी ७ येते म्हणून तीन वर्ग पण बाद. चार वर्गांत कुठलीही संख्या बसते हे लाग्रांज या गणितज्ञानं सिद्ध केलंय. मी बसून एक शोधलं: ४६३३९² + ४२५² + १०² + १². बेरीज करून बघा. अजून पुष्कळ असतील, तुम्ही वेगळं शोधलं तर रविवारी येऊन फळ्यावर लिहा.

७ चे घात आणि रँडम नंबर, हे काय प्रकरण?

७, ७ चा वर्ग, ७ चा घन असं करत जा आणि दर वेळी २१४७४८३६४७ नं भागून बाकी ठेवा. १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या बरोबर एकदाच येते, एकही सुटत नाही, एकही दोनदा येत नाही, आणि मगच चक्र परत १ वर येतं. चक्राची लांबी परत त्याच कवड्या! ७ च्या ऐवजी ७^५ म्हणजे १६८०७ नं गुणत गेलं तरी पूर्ण चक्र होतं, कारण ५ हा वरच्या विभाजकांच्या यादीत नाही. १ पासून सुरू केलं तर १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३... बघताना काही क्रम वाटत नाही, म्हणून कॉम्प्युटरमध्ये फासे टाकल्यासारखे आकडे काढायला हीच पद्धत कितीतरी वर्षं वापरली गेली, १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी निदान एवढा तरी दर्जा हवा म्हणून हीच सुचवली होती. पासवर्ड वगैरेसाठी मात्र अजिबात वापरू नका, एक आकडा कळला की पुढचे सगळे कळतात.

परिपूर्ण संख्येशी नातं आहे म्हणे?

६ चे विभाजक १, २, ३ आणि बेरीज ६. २८ चं पण तसंच. अशा संख्या मर्सेनमधनंच निघतात: २ × ३, ४ × ७, १६ × ३१, ६४ × १२७. आपल्या संख्येला २^३० नं गुणलं की आठवी परिपूर्ण संख्या, २३०५८४३००८१३९९५२१२८. सम परिपूर्ण संख्या याच पद्धतीनं येतात, दुसऱ्या नाही, हे ऑयलरनंच दाखवलं. विषम परिपूर्ण संख्या आहे का, हे आजपर्यंत कुणालाच कळलेलं नाही.

अंकशास्त्रात शुभ आहे का?

अंकांची बेरीज ४६, मग ४ + ६ = १०, १ + ० = १. याचा अर्थ ९ नं भागून बाकी १, एवढाच.

माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो हा नंबर प्रोग्रॅमिंगमध्ये येतो.

बरोबर म्हणतो. ३२ बिटच्या (बिट म्हणजे ० किंवा १ ची एक जागा) पूर्णांकात एक बिट अधिक-वजाच्या चिन्हाला जातो, उरलेले ३१ सगळे १ केले की मावणारी सगळ्यात मोठी संख्या हीच. त्यात १ मिळवला की आकडा उलटून ऋण होतो. जुन्या सिस्टीम १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा खान्यात मोजतात, तो खाना १९ जानेवारी २०३८ ला, मंगळवारी, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतो. नवीन मशीन ६४ बिटवर गेल्यात, त्यांना अडचण नाही. पण ती मूळ आहे याचा इथं काही संबंध नाही, खान्याची साईज तेवढी पडली म्हणून हा योगायोग.

आपल्या पेमेंटच्या सुरक्षेला हीच वापरतात का?

ही नाही, फार लहान आहे, मोबाईल क्षणात चिरफाड करेल. आरएसए नावाच्या गुप्तलेखनाच्या पद्धतीत साधारण ३०८ आकडी दोन मूळ संख्या गुणून टाकतात, गुणाकार सगळ्यांना दिसतो पण त्यातनं मूळ दोन वेगळ्या काढणं जमत नाही. हिच्या जातीतली २^५२१ − १ मात्र एका वेगळ्या सुरक्षा पद्धतीत खरोखर वापरात आहे.

सध्याची सगळ्यात मोठी कुठली?

ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली २^१३६२७९८४१ − १. तिला ४१०२४३२० आकडे आहेत. सेकंदाला एक आकडा या वेगानं न थांबता लिहीत बसलं तर ४७५ दिवस लागतील. ती पण मर्सेनच, माहीत असलेल्यांपैकी ५२ वी, जगभरच्या लोकांच्या कॉम्प्युटरवर मिळून चालणाऱ्या शोधात ल्यूक ड्युरंट यांना सापडली. तिचा शेवटचा आकडा मात्र तुम्ही आत्ता सांगू शकता: २ च्या घातांचे शेवटचे आकडे २, ४, ८, ६ असे फिरतात, १३६२७९८४१ ला ४ नं भागून बाकी १, म्हणजे २, वजा १, उत्तर १. आपल्या ३१ ची बाकी ३, म्हणजे ८, वजा १, सात.

मला पण सगळं तपासायचंय. कुठनं सुरू करू?

३११ आपण केला. यादीत पुढचा मूळ १३०३: २^१६ ची बाकी ३८६, तिचा वर्ग करा, भागा, आपल्या संख्येची बाकी २२६ आली तर तुमचं बरोबर. त्याच्या पुढचा १४८९, तिथं २^१६ ची बाकी फक्त २० येते म्हणून तोंडीच होतो, उत्तर १९९. पोरं हे आळीपाळीनं करतात, ज्यानं केला त्याचं नाव वहीत त्या आकड्यासमोर लिहितो. बऱ्याच ओळी अजून रिकाम्या आहेत.